अंजनांत दिसलेलें नांव

(पाठ : उत्पत्ति अ. ४४ आणि १ शमुवेल अ. २८. हे अध्याय अगोदर घरीं वाचावे.)

वाचकहो, कल्याणाहून ठाण्याकडे लोकल गाडीनें जातांना डब्याच्या भिंतीवर चिकटविलेले वीतभर कागद आपण पाहिलेच असतील. नोकरी, विवाह, संतति, सवतीचा जाच, कोणीं केलेली करणी, या सर्वांवर चोवीस तासांत उपाय करूं असें त्यांत छापलेलें असतें, व खालीं दूरध्वनीचा क्रमांक असतो. आमच्या मंडळ्या मुरबाड, शहापूर, भिवंडी या बाजूच्या खेड्यांत आहेत. तेथील बंधुभगिनी दवाखान्यासाठीं, कचेरीच्या कामासाठीं, मजुरीसाठीं कल्याणास येतात. येतांना बहुधा कांहीं दुःख बरोबर घेऊनच येतात, आणि बसावयास जागा न मिळाल्यामुळें दाराशीं उभे राहून तोच कागद वाचतात.

शहरांतील सुशिक्षित वस्तींत हाच धंदा निराळ्या वेषानें चालतो. तेथें मेजावर काळें कापड अंथरून त्यावर स्फटिकाचा गोळा ठेवितात आणि त्यांत पाहून भविष्य सांगतात. (हे गोळे पुष्कळदां साध्या कांचेचे असतात. खऱ्या स्फटिकाच्या गोळ्यांतून कागदावरची रेघ पाहिली व गोळा हळूहळू फिरविला, तर ती रेघ दोन होऊन दिसते. कांचेंतून ती एकच दिसते. उद्यांची गोष्ट सांगणाऱ्यास आपल्या हातांतील वस्तु कांच आहे कीं स्फटिक, एवढें तरी ठाऊक असावें!) खेड्यांत गोळा नाहीं. तेथें भगत सुपांत तांदूळ टाकून पाहतो, कोणी वाटी चालवितो, कोणी अंजन लावितो. आज आम्हांस विशेषेंकरून या अंजनाविषयीं लिहावयाचें आहे, कारण तें आम्हीं जवळून पाहिलें आहे, आणि त्या प्रसंगीं आमचें वर्तन जसें असावयास पाहिजे होतें तसें नव्हतें.

अंजनाची रीत आपल्यांतील वृद्धांस ठाऊक आहे. दिव्याची काजळी एरंडेलांत कालवून ती एका लहान मुलाच्या अंगठ्याच्या नखावर किंवा तळहातावर लावितात. मूल पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेलें असलें, तर उत्तम समजतात. त्या काळ्या चकचकीत ठिपक्याकडे मुलानें टक लावून पाहावें, आणि शेजारीं बसलेल्या मोठ्या माणसानें प्रश्न करावे. झाडूवाला आला काय? झाडून गेला काय? पाणी शिंपणारा आला काय? बैठक घातली काय? राजा येऊन बसला काय? यास कोणी हाजरात असेंही म्हणतात. मूल प्रथम कांहींच बोलत नाहीं. मग पुनः पुनः विचारिलें म्हणजे हळूच ‘हो’ म्हणतें. एकदां ‘हो’ म्हटलें कीं पुढचे सर्व ‘हो’ सोपे होतात. राजा आला म्हणजे त्यास विचारावयाचें कीं चोर कोण, किंवा दुखणें कोणीं लावलें.

आतां घडलेली गोष्ट सांगतों. सन २००४ चा पावसाळा होता. आम्ही सेमिनरींतून बाहेर पडून एकच वर्ष झालें होतें, व मुरबाडच्या बाजूस एका वाडीवर उपदेशक म्हणून राहत होतों. लोक आम्हांस मास्तर म्हणत. आवणीच्या धांदलींत मंडळींतील एका घरच्या थोरल्या सुनेचें सोन्याचें डोरलें नाहींसें झालें. घर गरीब, तेवढा एकच सोन्याचा मणी वंशांत होता म्हणाना! सासूनें सर्व घर उलथेंपालथें केलें. पोलिसांकडे जाण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. आमच्याकडे प्रार्थनेस आलीं, आम्हीं प्रार्थना केली. आणि तिसऱ्या दिवशीं तीं माणसें आम्हांस न सांगतां कल्याणास एका अंजन पाहणाऱ्याकडे गेलीं. पांचशें एक रुपये व नारळ दिला. नऊएक वर्षांच्या मुलाच्या नखास काजळ लाविलें. राजा आला. चोर कोण असें विचारतां मुलानें सांगितलें, ‘एक म्हातारी दिसते.’ लुगडें कसलें? ‘हिरवें.’ हातांत काय? ‘तांब्या.’ तेव्हां सासू एकदम ओरडली, ‘तीच ती!’ आणि एक नांव तिच्या तोंडून बाहेर पडलें.

तें नांव मंडळींतील एका विधवेचें होतें. ती रोज सकाळीं त्या घरीं तांब्याभर ताक नेण्यास येई. तिच्या मृत पतीचा व या घराचा शेताच्या बांधावरून जुना तंटा होता. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें आणि पाहावें कीं, नांव कोणीं घेतलें. मुलानें घेतलें नाहीं. अंजन पाहणाऱ्यानेंही घेतलें नाहीं. ज्यांनीं पांचशें रुपये दिले त्यांनींच तें घेतलें, आणि परत येतांना राजानें सांगितलें म्हणून तें गांवांत आणिलें.

आतां १ शमुवेल २८ काढा. शौल राजानें स्वतःच भूतविद्या करणाऱ्यांस देशांतून घालवून दिलें होतें (वचन ३). पलिष्ट्यांची छावणी पाहून त्याचें काळीज थरारलें, देवाकडून उत्तर मिळेना, तेव्हां तो वेष पालटून रात्रीं एन-दोर येथील स्त्रीकडे गेला. दिवसा ज्या गोष्टीविरुद्ध हुकूम काढावा, तीच रात्रीं करावी! आमच्या मंडळ्यांतील किती कुटुंबें रविवारीं भक्तीस येतात आणि दुखणें वाढलें म्हणजे तोंडावर पदर घेऊन भगताच्या दारीं बसतात, हें उपदेशक बंधूंस सांगावयास नको. परंतु आमचें मुख्य लक्ष १३ व १४ या वचनांकडे आहे. शौलाला कांहीं दिसलें नाहीं. तो विचारतो, तुला काय दिसतें? ती सांगते, एक वृद्ध मनुष्य वर येत आहे, त्यानें झगा पांघरला आहे. एवढेंच. त्यावरून हा शमुवेल आहे हें शौलानें ओळखिलें, असें शास्त्र सांगतें. इस्राएलांत झगा पांघरणारे वृद्ध पुष्कळ असतील. शौलाच्या मनांत मात्र एकच वृद्ध होता. खरोखर शमुवेल आला कीं काय, याविषयीं टीकाकारांत फार दिवसांचा वाद आहे, त्यांत आम्ही शिरत नाहीं. आमच्या पाठास इतकें पुरे कीं, पाहणारा आकृति सांगतो आणि विचारणारा तिला नांव देतो. हिरव्या लुगड्याची म्हातारीही अशीच सांपडली.

ही रीत एकट्या कोंकणाची नव्हे. एडवर्ड लेन नांवाच्या इंग्रज विद्वानानें मिसर देशांतील लोकांच्या चालीरीतींवर १८३६ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत कैरो शहरीं मुलाच्या तळहातावर शाई घालून पाहण्याची जी हकीकत आहे, तींत झाडणारा व राजा हे आपल्या अंजनांतल्यासारखेच येतात. कांहीं वेळां मुलाचीं उत्तरें इतकीं बरोबर येत कीं लेन चकित झाले; पण पुढें दुभाष्याच्या तोंडूनच उत्तराची सूचना मुलास मिळत असावी, असा संशय त्यांस आला. इंग्लंडांत राणी एलिझाबेथ पहिली हिच्या काळीं जॉन डी नांवाचा मोठा गणिती होता. स्फटिक व आरसे यांत देवदूत पाहावे अशी त्याची उत्कंठा. परंतु त्याला स्वतःस कांहीं दिसेना, म्हणून एडवर्ड केली नांवाचा मनुष्य पाही आणि डी लिहून घेई. त्याचा म्हणून जो काळा आरसा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें ठेविला आहे, तो ज्वालामुखीच्या काळ्या कांचेचा असून मेक्सिको देशांतील पाचुका येथल्या खाणीच्या दगडाचा आहे, असें २०२१ सालीं शास्त्रज्ञांनीं तपासून ठरविलें. एवढा विद्वान, पण त्यालाही दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहावें लागलें.

कोणी म्हणेल, मुलगा खोटें बोलला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. इटलींत जोव्हानी कापुतो नांवाच्या संशोधकानें २०१० सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. पन्नास माणसांस एकेकटें मंद उजेडांत आरशासमोर दहा मिनिटें आपल्या तोंडाकडे पाहत बसविलें. नंतर विचारतां शेंकडा ६६ जणांनीं सांगितलें कीं आपलें तोंड विद्रूप दिसूं लागलें. शेंकडा २८ जणांस अनोळखी मनुष्य दिसला, आणि जवळजवळ निम्म्यांस विलक्षण व राक्षसी आकृति दिसल्या. यांत मंत्र नव्हता, राजा नव्हता. थोड्या उजेडांत डोळे एका जागीं खिळले म्हणजे दिसणें अस्थिर होतें, आणि मन आपल्या पदरचें घालून तें पुरें करितें. त्यांतून नऊ वर्षांचें पोर, भोंवतीं दहा मोठीं माणसें, सर्वांचे डोळे त्याच्या तोंडाकडे. त्यास म्हातारी न दिसती तरच नवल.

वाटी चालविणाऱ्यांविषयींही येथेंच सांगून टाकूं. ज्या १८५३ सालीं एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, त्याच सालीं इंग्लंडांत मेजावर हात ठेवून तें आपोआप फिरतें असें दाखविण्याचें खूळ माजलें होतें. मायकेल फॅरडे या देवभीरु शास्त्रज्ञानें हातांच्या खालीं एकावर एक पुठ्ठे ठेवून मध्यें लाटण्या घातल्या, व कोण प्रथम हलतें हें दाखविणारा कांटा बसविला. हातच प्रथम हलतात, मेज मागाहून, असें दिसून आलें. विशेष हें कीं, बसलेलीं माणसें लबाड नव्हतीं; आपण ढकलतों हें त्यांचें त्यांसच कळत नव्हतें. कांटा डोळ्यांसमोर ठेविला तेव्हां मेज हलेनासें झालें. वाटी ज्या घराकडे जाते, तें घर वाटीवर हात ठेवणाऱ्याच्या मनांत आधींच असतें.

ज्योतिष्यांची तपासणी तर आपल्या पुण्यासच झाली. डॉ. जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी यांनीं २००८ सालीं शंभर हुशार मुलांच्या व शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका मिळवून त्या मिसळल्या, आणि प्रत्येक ज्योतिष्याकडे चाळीस पत्रिका पाठवून हुशार कोण व मंद कोण हें विचारिलें. सत्तावीस जणांनीं उत्तरें धाडलीं. शंभरांत सरासरी शेहेचाळीस बरोबर आलीं. रुपया उडवून छापकांटा केला असता तरी पन्नासांच्या जवळ आलीं असतीं.

आतां आमच्या उपदेशक बंधूंस गांवोगांव ज्या दोन शंका विचारतात, त्यांकडे वळूं.

पहिली शंका आखानाविषयीं. यहोशवा ७ मध्यें चिठ्ठीनेंच चोर सांपडला ना, मग आमच्या तांदुळांनीं कां सांपडूं नये? उत्तर त्याच अध्यायांत आहे. चिठ्ठी निघाली तरी यहोशवा तेथेंच थांबला नाहीं. त्यानें आखानास स्वतःच्या तोंडानें सांगावयास लाविलें; मग माणसें त्याच्या तंबूकडे धांवलीं, जमीन उकरली, आणि झगा, रुपें व सोनें प्रत्यक्ष आणून सर्वांसमोर मांडिलें. आमच्या वाडीवर कोणीं काय उकरलें? त्या विधवेच्या झोंपडींत डोरलें आहे कीं नाहीं, हें पाहण्याचेंही कष्ट कोणीं घेतले नाहींत.

दुसरी शंका अधिक अवघड आहे व ती आम्हांस आवडते. योसेफाच्या कारभाऱ्यानें म्हटलें कीं, माझा धनी या प्याल्यांत शकुन पाहतो (उत्पत्ति ४४:५). मग देवाच्या माणसानें हें केलें काय? ‘अनुवाद’ पुस्तकाच्या अठराव्या अध्यायांत तर शकुन पाहणाऱ्यांस व भूतांस विचारणाऱ्यांस देवानें आपल्या लोकांत मना केलें आहे. योसेफानें प्यालींत पाहून कांहीं सांगितल्याचें शास्त्रांत एकही उदाहरण नाहीं. स्वप्नांचा अर्थ सांगतांना तो प्रत्येक वेळीं, हें माझ्याकडून नव्हे तर देवाकडून, असेंच म्हणतो (४०:८, ४१:१६). भावांसमोर तो अजून मिसरी अधिकाऱ्याच्या वेषांत होता, आणि कारभाऱ्याचें बोलणें त्या वेषाचाच भाग होता. परंतु वाचकहो, प्याल्याचें पुढें काय झालें तें पाहा. तो शकुनाचा प्याला निघाला कोणाच्या गोणींत? सर्वांत धाकट्याच्या, ज्यानें कांहींच केलें नव्हतें त्याच्या. बन्यामीनाला एक शब्दही बोलतां येईना. त्या वेळीं यहूदा पुढें झाला. ज्यानें पूर्वीं भावाला विकण्याची मसलत दिली होती, तोच आतां म्हणाला कीं, याच्या ऐवजीं मला दास करून ठेवा (४४:३३). प्याला खरा कीं खोटा, शकुन लागतो कीं नाहीं, हा वाद त्यानें घातला नाहीं. ज्याच्यावर आळ आला त्याच्या शेजारीं तो जाऊन उभा राहिला.

आमच्या वाडीवर यहूदा कोणी झाला नाहीं. नांव गांवांत पसरतांच विहिरीवर त्या बाईच्या घागरीजवळ दुसऱ्या बायकांनीं घागर ठेवावयाचें सोडिलें. त्याच आठवड्यांत एकाचें वासरूं मेलें. तेव्हां चोर हा शब्द मागें पडून भुताळी हा शब्द पुढें आला. मुलें तिच्या कुडावर दगड मारूं लागलीं. ठाणें जिल्ह्याच्या डोंगरपट्टींत हा शब्द किती जड आहे, तो ज्या बाईस लागला तिची काय दशा होते, हें आमच्या वाचकांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे. पुढें प्रभुभोजनाचा रविवार आला. डोरलें हरवलेल्या घरानें निरोप धाडिला कीं, ती येणार असेल तर आम्ही येत नाहीं. त्या घरांत सात माणसें होतीं आणि ही एकटी. आम्हीं हिशेब केला. आम्ही तिच्या दारीं गेलों व म्हणालों, ‘मावशी, थोडे दिवस घरींच प्रार्थना करा. लोकांचीं मनें शांत होऊं द्या.’

तिनें विचारलें, ‘मास्तर, तुम्हांलाही तसंच वाटतं का?’

आम्ही म्हणालों, ‘नाहीं, पण मंडळींत शांतता राहिली पाहिजे.’

ती आंत गेली. पुढें महिन्याभरांत ती भिवंडीकडे बहिणीच्या घरीं निघून गेली.

त्या वेळीं कायद्याचा आधार नव्हता असें म्हणून आम्ही आपलें समाधान करीत असूं. आतां तें कारणही उरलें नाहीं. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्याच महिन्यांत सरकारनें वटहुकूम काढिला, आणि डिसेंबरांत विधिमंडळानें अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्ध कायदा केला. अमुक मनुष्य करणी करितो, भूत लावितो, त्याच्यामुळें गुरें मरतात असें म्हणून त्याचें जगणें कठीण करणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. शिक्षा कमींत कमी सहा महिने व जास्तींत जास्त सात वर्षें कैद, आणि पांच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. यासाठीं पोलिसांत दक्षता अधिकारी नेमावे असें कायद्यांत आहे. उपदेशक बंधूंनीं आपल्या ठाण्यांत तो कोण हें विचारून ठेवावें. जोशी, ज्योतिषी, नंदीबैलवाले यांचा सल्ला मात्र कायद्यानें वगळला आहे, व आम्हांस त्यांत तक्रार नाहीं. दारीं आलेल्या नंदीबैलवाल्यास पसाभर तांदूळ द्यावे. तो भिक्षेकरी आहे, त्याला उपाशी धाडूं नये. तो मान हलवून पाऊस पडेल म्हणतो, शेजारणीचें नांव घेत नाहीं.

मुलाविषयीं एक गोष्ट राहिली. फिलिप्पै येथें जी दासी भविष्य सांगे, तिच्या धन्यांस तिच्यामुळें मोठी मिळकत होत असे, असें प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १६ मध्यें लिहिलें आहे. पौलानें तिला मोकळें केलें तेव्हां धन्यांस राग आला तो मिळकत बुडाली म्हणून. मुलीच्या बऱ्यावाईटाचें नांवही त्यांच्या तक्रारींत नाहीं. मुलीचें पुढें काय झालें हें शास्त्र सांगत नाहीं, आणि आम्हीं शाळेंत असतां तें विचारण्याचेंही कोणास सुचलें नाहीं.

दिवाळीपूर्वीं नवें भात घरांत यावयाचें म्हणून त्या घरच्या सुनेनें कणगी रिकामी करून आंतून सारवावयास घेतली. तळाशीं, भाताच्या कोंड्यांत, डोरलें सांपडलें. सूत तुटलें होतें. भात काढावयास वांकली असतां तें गळून पडलें असावें. घरच्यांनीं पंधरा दिवस ही गोष्ट बाहेर सांगितली नाहीं. शेवटीं ती सूनच एकटी आमच्याकडे आली व रडूं लागली. दुसऱ्या दिवशीं तिला व तिच्या पतीला घेऊन आम्ही भिवंडीकडे गेलों. सासू आली नाहीं.

ती बाई बहिणीच्या ओट्यावर वाल सोलीत बसली होती. आम्हीं क्षमा मागितली. सूनही पायां पडली. तिनें तिला उठविलें, डोरल्याचें सूत नवें घातलें काय तें पाहिलें, आणि बहिणीस चहा ठेवावयास सांगितलें. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. परत वाडीवर येतां काय, असें आम्हीं विचारलें, त्यावर तिनें मान हलविली. हो कीं नाहीं तें आम्हांस कळलें नाहीं. ती आली नाहीं एवढें खरें. आम्ही निघालों तेव्हां ती म्हणाली, ‘त्या पोराला कुणी सांगितलं का, मास्तर? डोरलं घरातच होतं म्हणून? उगीच त्याच्या मनात राहील, माझ्यासारखी एक म्हातारी चोर होती.’

आम्ही दोनदां कल्याणास जाऊन त्याची चौकशी केली. ती खोली दुसऱ्यास भाड्यानें दिलेली होती. तो मुलगा आतां तिशीच्या घरांत असेल.